नादावर व्याख्यान

चहाचा कप हातात आला की आप्पा आधी त्यावर नख वाजवत, मग पीत. कुणाच्या घरी गेले की दार दोनदा लोटून पाहत. प्रत्येक बिजागरीचा सूर वेगळा, असं त्यांचं म्हणणं. हसताना आवाज करत नसत, नुसते खांदे हलत. रस्त्यात बोलता बोलता गिरणीचा भोंगा झाला की वाक्य तिथंच सोडत, भोंग्याच्या सुरात हलकेच 'आ' लावत आणि भोंगा थांबला की राहिलेलं वाक्य उचलत. जेवताना मात्र गप्प. कडक भाकरी मोडतानाचा आवाज त्यांना ऐकायचा असे.

शिवलिंगप्पा मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. घरात कानडी, धक्क्यावर मराठी, वाचायला इंग्रजी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कमलाकर त्यांच्या निम्म्या वयाचा, पुण्याला साहित्य घेऊन बी. ए. झालेला आणि नोकरी मिळेना म्हणून घरी परतलेला. वाचनालयात एकाच पुस्तकावर दोघांचा हात पडला. पुस्तक आप्पांनी नेलं. बदल्यात ते अख्खं पुस्तक कमलाकरला तळ्याच्या काठावर ऐकावं लागलं.

त्यांचा विषय एकच. माणूस विचार करायला लागला तेव्हापासून गाण्याचं काय करायचं हे त्याला कळलेलं नाही, असं ते म्हणत. भोंगा थांबला की विचारत, "सूर गेला कुठं? आपल्याकडचे नैयायिक म्हणतात मेला. मीमांसक म्हणतात, मरायला तो जन्मला होता कुठं? तो आहेच, भोंग्यानं नुसता पडदा बाजूला केला. तू कुणाच्या बाजूचा?"

कमलाकर म्हणे, "भोंगा बंद झाला याचा मला आनंद आहे, आप्पा."

मग खांदे हलत.

त्यांची बायको शिवबाई या सगळ्याला एका शब्दात उडवून लावी. "ह्यान्ला नाद हाय." शेजारणी नवऱ्याच्या पत्त्यांबद्दल ज्या सुरात बोलत, त्याच सुरात. आप्पा म्हणत, "बरोबर बोलते. शब्द बरोबर, अर्थ चुकीचा." पण ते त्यांना लागत होतं. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्या वर्षी एक वक्ता आयत्या वेळी यायचा राहिला आणि ती संध्याकाळ आप्पांना मिळाली, तेव्हा ते कमलाकरला म्हणाले, "गावाला नाही कळलं तरी चालेल रे. हिला एकदा कळलं पाहिजे."

त्यांनी विषय दिला होता, 'नाद : प्राचीन व अर्वाचीन तत्त्वचिंतन'. फलक रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही. त्यानं लिहिलं, 'नादावर व्याख्यान'. खाली वाचनालयाच्या चिटणिसांनी नेहमीची ओळ घालायला लावली, 'भगिनींनी अवश्य यावे.' आणि फलक टांगला गिरणीच्या रस्त्यावर.

भगिनी आल्या. एवढ्या आल्या की बाकं पुरेनात. कुणी नवऱ्याला दंडाला धरून आणला होता, कुणी दिराला. कमलाकरला वाटलं, आप्पांचं नशीब उघडलं. मग पुढच्या रांगेतली मायाक्का उठली. ती गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. शेजारी तिचा नवरा भिमा मान खाली घालून बसला होता.

"आप्पा, आदी ह्येंचा सोडवा. दारूचा हाय. बाकीच्यांचं मागनं बगा."

सभेत हशा पिकला. कमलाकरच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. त्यानं आप्पांकडं पाहिलं. त्यांच्या हातात व्याख्यानाचे कागद होते. मागे भिंतीला टेकून शिवबाई उभी होती, पदर तोंडाला लावून. चिटणीस उठून खुलासा करायला निघाले. आप्पांनी त्यांना हातानं बसवलं आणि कागद खिशात घातले.

"बाई, मी नाद सोडवणारा नव्हे. मला स्वतःलाच आहे."

"अगं बया! तुमी बी?" मायाक्का म्हणाली.

"मी बी. पण दारूचा नाही, सुराचा. आणि हा लई जुना नाद आहे. ग्रीस म्हणून देश आहे. तिथं एक जण लोहाराच्या दुकानावरून चालला होता म्हणतात. घणांचे आवाज एकमेकांत मिसळले ते त्याला गोड लागले. झालं! घरी जाऊन तारा ताणत बसला. तार निम्म्यावर दाबली की तोच सूर वरच्या घरात बोलतो, हे त्याला दिसलं. तेव्हापासून म्हणायला लागला, सगळं जग असंच मापात बांधलंय, चंद्रसूर्यसुद्धा."

"त्याची बायकू काय म्हनली?" भिमानं मान वर न करता विचारलं.

"ते कुणी लिहून ठेवलं नाही."

आता बायका सावरून बसल्या. आप्पा बोलत गेले. त्याच देशात पुढं दुसरा एक झाला. त्यानं मनातल्या मनात एक आदर्श नगर वसवलं आणि ठरवलं, इथं काही चाली वाजवायच्या नाहीत. त्यांनी माणूस मऊ पडतो, रडका होतो.

"कसल्या चाली?" एका बाईनं विचारलं.

"पोरगी सासरी निघताना वाजवतात ना, तसल्या."

"मग त्या गावात लग्नं कशी लावत्यात?" भिमा म्हणाला आणि पुरुषांची बाजू खदखदली.

मायाक्का हसली नाही. ती उभीच होती. "येकच सांगा, आप्पा. गान्यानं मानूस सुदारतो का बिगडतो? सुदारत आसंल तर ह्येंला तुमच्या हवाली करते."

"बाई, दोन हजार वर्षं याच्यावरच भांडण चाललंय. कुणी म्हणतं सुधारतो, कुणी म्हणतं बिघडतो."

"त्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमी काय म्हनता?"

आप्पांचा हात खिशातल्या कागदांकडं गेला आणि रिकामाच परत आला. कमलाकरनं असं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तळ्याकाठी त्यांच्याकडं उत्तर नाही असं व्हायचंच नाही.

मागून शिवबाईचा आवाज आला. "मी सांगते. लगीन झाल्यापास्नं बगतीया. बिगडले न्हाईत. सुदारले बी न्हाईत."

छप्पर उडेल असं लोक हसले. भिमा मांडीवर थाप मारून हसला. आणि व्यासपीठावर आप्पांचे खांदे हलू लागले, इतके की त्यांना टेबल धरावं लागलं.

व्याख्यान तिथंच संपलं. चिटणीस नाराज होते. मायाक्का नवऱ्याला घेऊन घरी गेली, आणला तसाच. आप्पा, शिवबाई आणि कमलाकर तिघं चालत निघाले. कमलाकरला वाटलं, आप्पांची संध्याकाळ फुकट गेली.

कोपऱ्यावर शिवबाई थांबली. "अहो, त्या गावातनं गानी हाकलली का मग शेवटी?"

आप्पा रस्त्यातच उभे राहिले. "तुला कशाला?"

"आसंच. हाकलली असतील तर वाईट झालं की."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी ज्वारी निवडायला बसली की आप्पा शेजारी बसून सांगत. तळं सुटलं. कमलाकरला ऐकायचं असेल तर त्यानं तिथंच उंबऱ्याशी बसायचं. शिवबाई मधेच "खोटं!" म्हणे आणि आप्पांना पुरावा द्यावा लागे. पुण्याच्या कॉलेजात कमलाकरनं एवढा कडक परीक्षक पाहिला नव्हता. आप्पा कधी नव्हे इतके खुशीत असत. सांगायचा क्रम त्यांनी ठरवला होता. आधी बाहेरचे देश, घरचं शेवटी. "घरचं चव घेऊन सांगायचं," ते म्हणत.

एका सकाळी धक्क्यावर पोती मोजून घेताना आप्पा त्यांतल्याच एका पोत्यावर टेकले आणि उठले नाहीत. हमालांना वाटलं, काहीतरी ऐकतायत. म्हणून थोडा वेळ कुणी हाकच मारली नाही.

कमलाकर सगळ्या विधींना हजर होता. तेरा दिवस झाल्यावर तो गेला. शिवबाई सूप घेऊन बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं.

"बगदादचा तो वाजवनारा," ती म्हणाली, "दरबाराला हसवलं, रडवलं, झोपवलं आनि दार वडून निगून गेला. तितवर ह्येंनी सांगितलं. मग म्हनले, उद्यापास्नं घरचं."

"हो, काकू."

"त्ये किती होतं?"

"लई होतं."

शिवबाईनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. घरचं त्यांनी सुरूच केलं नव्हतं.