होबार्टने उकरलेली जागा

होबार्ट स्लोन आणि मी एकाच डोंगरातले. केंटकीतल्या आमच्या खाणीला कुलूप लागलं तेव्हा गावच्या गाव रिकामं होऊन शिकागोला आलं, त्यात तो होता आणि मागून मीही आले. तो सत्तावन्न साली बसमधून उतरला तेव्हा अंगात डेनिमचं पातळ जाकीट होतं आणि बरोबर नवी नवरी, ओफा. त्याने बर्फ पाहिला नव्हता असं नाही. आमच्याकडेही पडतो. पण आमचा बर्फ पडला की गप्प पडून राहतो. इथे शहराला लागलेल्या भल्यामोठ्या तळ्यावरून वारा सुटतो आणि तोच बर्फ उचलून पुन्हा तोंडावर मारतो. पहिल्याच आठवड्यात होबार्टच्या डाव्या कानाची पाळी काळी पडली आणि टोकाचा तुकडा गळून गेला. ओफा त्यावरून त्याला जन्मभर चिडवत राहिली. म्हणायची, मी सबंध माणसाशी लग्न केलं होतं, या शहराने त्याला कुरतडलं.

फ्रिजच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. दिवसभर फ्रिजची दारं बसवायची आणि संध्याकाळी फ्रिजमध्येच राहायला यायचं, असं तो म्हणायचा. खोटं नव्हतं. आमचा घरमालक तळघरातला बॉयलर पेटवायचा तो स्वतः भाडं मागायला येणार असेल तेवढ्यापुरता. एरवी आम्ही ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर बसायचो. खिडक्यांना प्लास्टिक चिकटवणं, कडाक्याच्या रात्री नळ थेंब थेंब सोडून ठेवणं, मोज्यांवर पावाच्या पिशव्या चढवून मग बूट घालणं, हे सगळं होबार्ट आधी शिकला आणि मग नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्याने शिकवलं. कुणी विचारो न विचारो, जिन्यात गाठून शिकवायचा. स्वभावच होता, आणि कधी कधी त्याचा कंटाळाही यायचा.

एवढं असून तो इथला झाला नाही. शुक्रवारी पाळी संपली की गाडी काढायची, रात्रभर चालवत डोंगरात जायचं आणि रविवारी उलटपावली परत यायचं. आम्ही सगळेच तसं करायचो. दर हिवाळ्यात तो म्हणायचा, हा शेवटचा, येत्या वसंतात कायमचे गावी जाऊ. ओफा मान डोलवायची आणि गावाहून आणलेल्या खोक्यांची दोरी सोडायची नाही. त्यांची दोन खोकी पंचवीस वर्षं दोरी बांधलेलीच होती.

मग ओफाच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या मशीनला लावावं लागे. डोंगरात आमच्या आसपास असं मशीन कुठेच नव्हतं, त्यामुळे गावाला जायची गोष्टच संपली. ओफाचा जीव त्या मशीनवर होता आणि मशीनपर्यंत जाणं होबार्टच्या गाडीवर. बस तिला झेपत नव्हती. जाताना निदान पायात बळ असायचं. परत येताना ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी व्हायची, फुटपाथवरून जिन्यापर्यंतची चार पावलंही तिला जड जायची.

ब्याऐंशीचा जानेवारी आठवला की अजून माझे दात वाजतात. असा बर्फ पडला की रस्त्यावरच्या गाड्या नुसते उंचवटे दिसत होते. होबार्टच्या फुप्फुसात तरुणपणीची कोळशाची धूळ होती. दोन फावडी मारायची, कठड्याला धरून खोकायचं, पुन्हा दोन फावडी. मी मदतीला गेले तर मला हाकलून दिलं. दुपारपर्यंत त्याने दारासमोरची जागा उकरली, गाडी बाहेर काढली आणि त्या जागेत स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या ठेवल्या, स्टीलच्या पायांच्या आणि पिवळ्या रेक्झिनच्या.

इथला नियमच आहे, ज्याने जागा उकरली, बर्फ वितळेपर्यंत जागा त्याची. तिथे खुर्ची ठेवा, इस्त्रीचं टेबल ठेवा, मोडका पंखा ठेवा, कुणी हात लावत नाही. आमच्या रस्त्यावर चोऱ्या होत, मारामाऱ्या होत, पण बर्फातली खुर्ची कुणी हलवत नसे. आणि कुणी हलवलीच तर त्याच्या गाडीवर रात्री पाण्याच्या बादल्या ओतत. सकाळी गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी दिसे.

त्या दिवशी दोघं मशीनवरून परत आले तर खुर्च्या गायब, आणि त्या जागेत कुणा परक्याची हिरवी गाडी. होबार्ट फिरत राहिला. शेवटी दोन गल्ल्या सोडून जागा मिळाली. तिथून तो ओफाला धरून चालत आणायला लागला, आणि कोपऱ्यावर ती बसली ती उठेचना. होबार्टला उचलायचं होतं, पण त्याचा स्वतःचाच श्वास पुरत नव्हता. मी खिडकीतून पाहिलं आणि चपलांवरच धावले. ओफा बर्फात पाय पसरून बसली होती, ओठ निळे पडलेले. म्हणाली, "ग्लेना, याला घरी ने आधी. हा मरेल." मी आणि समोरच्या दुकानदाराने तिला उचलून आणलं. होबार्ट मागून येत होता, आणि तो रडत होता की खोकत होता ते मला कळलं नाही.

गल्लीतल्या पोरांनी हिरव्या गाडीवर पाणी ओतायची तयारी केली. होबार्ट म्हणाला, राहू द्या, त्या गाडीवाल्याला रिकामी जागा दिसली, तो बिचारा लावून गेला. मला खुर्च्या उचलणारा हवाय, तो म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला डोक्यात राख घालून घेताना पाहिलं ते तेवढंच.

खुर्च्या मलाच सापडल्या. दुसऱ्या दिवशी कचरा टाकायला मागच्या बाजूला गेले, तर आमच्याच तळघरातल्या खोलीच्या खिडकीतून पिवळं रेक्झिन दिसलं. तिथे नोव्हेंबरात एक कंबोडियाचं कुटुंब आलं होतं. कुटुंब म्हणजे काय, आई आणि मुलगी. आईचं नाव योएन, माझ्याच वयाची असेल. मुलगी सारोम, दिव्यांच्या कारखान्यात माझ्याच संध्याकाळच्या पाळीला होती आणि तिला थोडं इंग्रजी येत होतं. होबार्टने त्यांनाही पावाच्या पिशव्यांचा धडा दिला होता. खुर्च्यांचा द्यायचं कुणाला सुचलं असणार?

मी वर जाऊन सांगितलं आणि आम्ही दोघं खाली गेलो. माझ्या तोंडाचा पट्टा दारातच सुरू होणार होता. सारोमने दार उघडलं आणि हसून आत बोलावलं. खोलीत सामान असं नव्हतंच. दोघी जमिनीवर कागद पसरून जेवत होत्या. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, पुसून लख्ख केलेल्या, आणि त्यांच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. एका खुर्चीवर टिनच्या डब्यात तांदूळ भरून त्यात उदबत्त्या खोचल्या होत्या. समोर भाताची वाटी आणि एक संत्रं. दुसऱ्या खुर्चीवर चहाचा कप आणि दोन सिगारेटी.

होबार्टने विचारलं, हे कुणाचं?

"बाबांचं," सारोम म्हणाली. "आणि ते माझ्या दोन्ही भावांचं. त्यांना पुरलंय कुठे ते आम्हाला माहीत नाही. फोटो नाही. इथे आल्यापासून आई म्हणत होती, त्यांना जमिनीवर कसं जेवायला वाढू? मग त्या दिवशी रस्त्यावर खुर्च्या दिसल्या. इतक्या चांगल्या खुर्च्या टाकून देतात इथले लोक."

आमच्या डोंगरात मे महिन्यात सगळे जण कबरींवरचं गवत काढायला जातात आणि जेवण तिथेच, कबरींच्या मध्ये बसून करतात. ओफा आजारी पडेपर्यंत होबार्टचा तो दिवस एकदाही चुकला नव्हता, त्यानंतर मात्र दरवर्षी चुकत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मी तोंड उघडलं तर माझं कोपर असं दाबलं की दोन दिवस दुखत होतं. म्हणाला, "खुर्च्या चांगल्या आहेत. नळ थेंब थेंब सोडून ठेवा, आज रात्री पाइप गोठतील." आणि वर निघून गेला.

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. पाळीवर जाताना बसमध्ये मी सारोमला सगळं सांगितलं, ओफाच्या निळ्या ओठांसकट. राग होता माझ्या मनात, खोटं कशाला बोलू. पोरगी ऐकत गेली तशी पांढरी पडत गेली.

हिरवी गाडी एव्हाना गेली होती. पुढच्या वेळी होबार्ट ओफाला घेऊन निघाला तेव्हा मी त्या जागेत माझं इस्त्रीचं टेबल उभं केलं आणि वर आले. थोड्या वेळाने खिडकीतून पाहते तर टेबलाशेजारी योएन उभी. चर्चने दिलेला पुरुषी कोट घोट्यापर्यंत आलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बुटांतून पावाच्या पिशव्या डोकावत होत्या. मला वाटलं, कुणाची वाट बघत असेल. तासाभराने पाहिलं तरी तिथेच. मी कॉफी घेऊन खाली गेले, हातवारे करून सांगितलं, बाई, हे टेबल पुरे आहे, आत जा, मरशील. तिने कॉफी प्यायली, कप परत दिला आणि उभी राहिली. होबार्टची गाडी आली तेव्हा तिने टेबल बाजूला केलं, ओफाच्या बाजूचं दार उघडलं, तिच्या काखेत हात घातला आणि तिला वरपर्यंत पोचवून गेली.

तेव्हापासून दर खेपेला तेच. होबार्ट चिडला, मग त्याने विनवण्या केल्या, मग आपले खाणीतले जाड हातमोजे तिला देऊन टाकले. मी सारोमला म्हटलं, अगं तुझ्या आईला समजाव, टेबल आहे ना तिथे.

"समजावलं. आई म्हणते, वस्तू कुणीही उचलून नेतं, आम्हीच नाही का नेली? माणूस उभं असलं तर निदान विचारावं लागतं."

मीही मग खाली जाऊन तिच्याबरोबर थोडा वेळ उभी राहू लागले. आम्हाला एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या भाषेत घरमालकाला शिव्या द्यायचे, आणि बरं वाटायचं. ओफाला तर ती फारच आवडली होती. म्हणायची, ही मला धरते तेव्हा मी पडणार नाही असं वाटतं, होबार्ट धरतो तेव्हा आम्ही दोघं पडू असं वाटतं.

फेब्रुवारी सरता सरता ओफाला मशीनवरच ताप भरला. तिथूनच तिला इस्पितळात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मी जवळ होते. इस्पितळातूनच आम्ही डोंगराची वाट धरली. पुढे शवगाडी आणि मागे होबार्टची गाडी. इमारतीत कुणाला कळवायला सवडच झाली नाही, सुचलंही नाही. ओफाला तिच्या आईशेजारी पुरलं. जमीन गोठलेली होती, होबार्टच्या भावांनी कुदळीने फोडली. होबार्ट उभा राहिला, सगळ्यांशी नीट बोलला, जेवला. डोळ्यांत टिपूस नाही. त्याचा भाऊ म्हणाला, आता परत कशाला जातोस, राहा इथेच. होबार्ट म्हणाला, खोली रिकामी करून येतो.

परत येताना मी मागच्या सीटवर बसले. पुढच्या सीटवर ओफाची उशी होती, ती उचलून तिथे बसणं माझ्या जिवावर आलं. इंडियानापासून बर्फ सुरू झाला. शिकागोत शिरलो तेव्हा पुन्हा सगळे रस्ते भरले होते, आणि होबार्ट पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, कुठेही लावू गाडी, आता काय फरक पडतो. मी हो म्हटलं. तरी सवयीने तो आमच्याच रस्त्याला वळला.

दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग आणि मध्येच दारासमोरची जागा, जमिनीपर्यंत खरवडून काढलेली. माझं टेबल होतं. टेबलाशेजारी योएन होती, हातात फावडं, हातांत होबार्टचे हातमोजे. किती दिवस ती अशी येत होती ते मी पुढेही कधी विचारलं नाही. गाडी दिसताच तिने टेबल ओढून बाजूला केलं. होबार्टने गाडी आत घेतली. इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

योएनने नेहमीसारखं ओफाच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली वाकून हात पुढे केला.

तिने उशी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मला तिच्या भाषेतला तो शब्द येत नव्हता आणि माझ्या भाषेतला तोंडातून फुटेना. पण तिला शब्द नको होता, माणूस गेल्याची रिकामी जागा तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. हात तसाच पुढे ठेवून ती थोडा वेळ वाकून राहिली. मग तिने ते दार हळू लावलं, गाडीच्या पुढून वळसा घालून होबार्टच्या बाजूला आली, त्याचं दार उघडलं आणि त्याच्या काखेत हात घातला.

कुणी आधार दिलेला होबार्टला कधी खपला नाही. जिन्यात मी दंड धरला तर झिडकारायचा. त्या दिवशी त्याने योएनचा हात घट्ट धरला आणि रडतच गाडीतून उतरला.