ग्रुप सुतकात होता

आमच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की पहिला अंगठा कुणाचा येणार, हे मला ठाऊक असतं. आमच्या कंपनीच्या पेंट शॉपमधले एक गृहस्थ आहेत, ते सगळ्याच बातम्यांना अंगठा दाखवतात. नात झाली, अंगठा. वडील गेले, अंगठा. एकदा त्यांना फोन करून समजावलं, तर म्हणाले, "अहो, वाचलंय हे कळायला नको का?"

मी त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो आणि हा ग्रुप आमच्या लाइनवरच्या माणसांचा. निम्मे निवृत्त, निम्मे अजून शिफ्टला जाणारे. अ‍ॅडमिन मला केलं ते शिस्तीचा म्हणून. पार्ट गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट, यात नोकरी काढलेल्या माणसाला मधलं काही दिसत नाही, असं माझी बायको म्हणते. ती म्हणते त्यात तथ्य आहे.

ग्रुप सुरू झाला तो गप्पांसाठी नव्हे. आमच्यातले बहुतेक जण बाहेरगावचे. कुणी लातूरकडचा, कुणी साताऱ्याचा, कुणी कोकणातला. इथं फ्लॅट घेतले, मुलं इथं शिकली, पण घरात मयत झाली की पंचाईत. भावकी गावाकडे, तिला यायला सहा-सात तास. तोवर खांदा द्यायचा कुणी? समोरच्या फ्लॅटमधला माणूस लिफ्टमध्ये हसतो, पण त्याला या कामासाठी हाक मारायला जीभ रेटत नाही. म्हणून हा ग्रुप. मेसेज पडला की तासाभरात दहा-पंधरा मोटारसायकली दारात. कुणी काय करायचं ते सांगावं लागत नसे. एक जण बांबू, मडकं, पांढरं कापड घेऊन येई, एक जण डॉक्टरांच्या दाखल्याचं बघे, एक शववाहिनीला फोन लावी. मी घाटावर पुढे जाऊन जागा मोकळी आहे का ते पाहायचो. लग्नाला बोलावलं की हजार कारणं सांगणारी ही माणसं मयतीला मात्र चुकत नसत.

मग हळूहळू मोठी माणसं मरायला लागली. म्हणजे ती आधीही मरत होती, पण आमच्या ग्रुपवर मरत नव्हती. कुणी गायक, कुणी पुढारी, कुणी कीर्तनकार. लगेच फुलांच्या चौकटीतले फोटो, समया, जोडलेले हात. 'एका पर्वाचा अंत' तर महिन्यातून दोनदा. ज्यांनी उभ्या जन्मात नाट्यगृहाची पायरी चढली नाही, त्यांनाही रंगभूमी पोरकी झाल्याचं दुःख आवरत नसे. काही बौद्ध मित्र श्रद्धांजली न लिहिता आदरांजली लिहीत. त्यांचं पाहून आणखी चार जण तसं लिहू लागले, कारण शब्द भारदस्त वाटला. मी हे सगळं जरा तिरक्या नजरेनं पाहायचो. पण रेडिओवरचे एक जुने निवेदक गेले तेव्हा मीही दहा-बारा ओळी लिहिल्या. पहिल्या शिफ्टला निघताना वर्षानुवर्षं त्यांचाच आवाज स्वयंपाकघरात असायचा. माझे वडील गेले तेव्हा मी 'वडील वारले, अंत्यविधी दहा वाजता' एवढंच लिहिलं होतं. निवेदकांवर लिहिताना डोळे भरून आले आणि त्यातले काही अश्रू कुणासाठी होते, हे मला कळत होतं.

एकदा एका पुढाऱ्याच्या शोकात एकानं एनए प्लॉटची जाहिरात टाकली. आळंदी रोडला टच, लगेच खरेदीखत. त्यावरून जुंपली. कुणी कुणाची जात काढली, कुणी पक्ष काढला, दोघं ग्रुप सोडून गेले. तेव्हा मी नियम केला. मोठं माणूस गेलं की मी एक फोटो आणि दोन ओळी टाकणार आणि ग्रुप दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद. तेवढ्या वेळात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल. लोक त्याला 'ग्रुप सुतकात आहे' म्हणू लागले. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल करतो.

त्या नियमावर एकानंच शंका काढली होती. तो प्रेसवरचा ऑपरेटर, बीडकडचा, राहायला रहाटणीला. कंपनीच्या बसमध्ये आम्ही वर्षानुवर्षं एका सीटवर बसलो. बोलणं बेताचं. त्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची आणि माझं तेलकटाचं पथ्य सुरू झाल्यापासून त्याची बायको माझ्यासाठी एक भाकरी जास्त द्यायची. तिला मी चार-पाच वेळाच पाहिलं असेल.

तो म्हणाला होता, "भाऊ, ग्रुप बंद आन् त्याच दिवशी आपलं कुणी गेलं तर?"

"मला फोन करायचा," मी म्हणालो. "मी आहे की."

पुढचं हे मागच्या उन्हाळ्यातलं. एक वयोवृद्ध नट संध्याकाळी गेले. मी फोटो टाकला, दोन ओळी लिहिल्या, ग्रुप बंद केला. सकाळी उठून पाहतो तर ज्याला ग्रुपवर लिहिता येत नव्हतं, तो मला खासगीत लिहीत होता. एकानं स्वतःची कविता पाठवली होती, 'तेवढी टाका, समाजासाठी आहे.' एकाला त्या नटाबरोबर काढलेला फोटो सगळ्यांना दाखवायचा होता. त्यात नट पाठमोरे होते. फोन एकसारखा वाजत होता. वैतागून मी तो मुका केला, फ्रिजवर ठेवला आणि कुलरची टाकी घासायला घेतली. टाकी चांगली चार बादल्या पाण्यानं धुतली. जेवलो, पडलो. दिवस छान शांत गेला, असंही मनात येऊन गेलं.

पावणेपाचला चहा झाल्यावर फोन हातात घेतला. प्रेसवरच्या त्या मित्राचे चार मिस्ड कॉल होते आणि सकाळी दहाचा एक मेसेज. 'माझी पत्नी ... आज पहाटे दवाखान्यात वारली. घरी आणलं आहे. थोड्या वेळात निघू. भाऊ, ग्रुपवर टाका.' पत्नी या शब्दापुढे तिचं नाव होतं. ते मी पहिल्यांदा वाचत होतो.

ग्रुप उघडला, मेसेज होता तसा पुढे ढकलला आणि स्कूटर काढली. सकाळचा मेसेज संध्याकाळी जातोय, त्यातलं 'थोड्या वेळात निघू' तसंच राहिलंय, हे डोक्यातही आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे पार्ट तपासले.

दाराबाहेर चपलांचे तीनच जोड होते. मुलीनं दार उघडलं. एकुलती एक मुलगी, हिंजवडीला नोकरी करते. तिचे केस ओले होते. फरशी धुतलेली, कोपऱ्यात जमिनीवर दिवा. म्हणजे सगळं उरकलं होतं. तो कॉटच्या कडेला बसला होता.

"या भाऊ," तो म्हणाला. "बाराला नेलं."

मी खाली सतरंजीवर बसलो. त्यानं आपण होऊन सांगितलं. निघायचं अकराला होतं. त्यानं थांबवून धरलं, माणसं येतील म्हणून. शववाहिनीचा ड्रायव्हर घाई करायला लागला, त्याला पुढे दुसरी वर्दी होती. तरी तासभर थांबले. शेवटी सोसायटीचा वॉचमन, शेजारचे दोघं आणि चौथ्या खांद्याला मुलगी.

"दर मिनिटाला खाली बघत व्हतो," तो म्हणाला. "गाडी वाजली की वाटायचं, आले. पर आसू द्या. ज्याला त्याला काम आसतंय. शिफ्ट आसती. मी कुणाला बोल लावत न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मेसेज सकाळीच गेला, असं हा माणूस धरून चालला आहे. सगळ्यांनी वाचला आणि कुणी आलं नाही, असं समजून तो दुपारपासून बसला होता. मी गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. उशिरा मेसेज पडल्याचं पुढेमागे कळलं असतं, तर नेटवर्कवर ढकलता आलं असतं. हे सगळं मनात येऊन गेलं. मग मी बोललो.

"मेसेज गेलाच नव्हता. ग्रुप बंद होता. फोन मुका करून मी फ्रिजवर ठेवला होता. आत्ता पाचला पाहिला, मग टाकला."

तो आता शिवी देईल असं वाटलं, आणि दिली असती तर मला हायसं वाटलं असतं.

"म्हंजे कुणाला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"कुणालाच?"

"एकालाही नाही."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबला आणि ढसाढसा रडायला लागला. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. सकाळपासून बाबा रडले नव्हते, हे तिनं मला नंतर सांगितलं. थोड्या वेळानं त्यानं टॉवेल काढला.

"दवाखान्यात ती म्हणायची, मला गावाला न्या, इथं कोण हाय आपलं. मी म्हणलं, येडी का काय, इथं लई माणसं हायत. कंपनीतली सगळी येतील. दुपारपासनं मला तेच खात व्हतं, की मी तिला मरताना खोटं बोललो."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्याला असा कधी हात लावला नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लाइनवरचाच एक जण होता. "आम्ही घाटावर आलोय. वीस-बावीस जण आहोत. तुम्ही निघालात का घरून?"

मेसेज वाचून, आपण घरी पोचेपर्यंत मयत निघालेली असेल, म्हणून सगळे परस्पर घाटावर गेले होते. पलीकडचा आवाज मोठा होता. मित्रानं सगळं ऐकलं. तो उठला, भिंतीवरचा शर्ट अंगात घातला.

"चला भाऊ. माणसं ताटकळली आसतील."

घाट जवळच, पवनेच्या काठाला. ऊन अजून उतरायचं होतं. मोटारसायकली ओळीनं लावलेल्या, काही जण पहिल्या शिफ्टवरून तसेच आलेले, गळ्यात कंपनीचं कार्ड. एकानं बांबू, मडकं, कापड सगळं आणून भिंतीशी नीट ठेवलं होतं. आम्ही स्कूटरवरून उतरलो तेव्हा सगळे आमच्या मागे रस्त्याकडे बघत होते, गाडी दिसते का म्हणून.

मित्र पुढे झाला. हात जोडले.

"दुपारीच झालं सगळं," तो म्हणाला. "माझ्याकडूनच कळवायला उशीर झाला. सकाळी काय सुचलंच न्हाई. माफ करा."

"अहो, माफी कसली," कुणीतरी म्हणालं. "असं होतंच." मग एकेक जण पुढे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागला. तो प्रत्येकाला म्हणत होता, "आलात, बरं झालं." दुपारच्या जागेवर राख अजून गरम होती. ज्यांनी फुलं आणली होती त्यांनी ती तिथं वाहिली, पाच मिनिटं सगळे गप्प उभे राहिले.

मी बांबूंपाशी उभा होतो. त्यानं 'माझ्याकडूनच' म्हटलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. घरात चार भिंतींत, एकट्यासमोर बोललो होतो. इथं बावीस जण होते आणि मी त्यांचा शिस्तीचा अ‍ॅडमिन होतो. परत निघताना एक जण मला म्हणाला, "बिचारा गोंधळून गेला असेल हो. तुम्ही तरी मेसेज मिळाल्या मिळाल्या टाकलात." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी नियम काढून टाकला. का काढला असं दोघा-तिघांनी विचारलं, तर तक्रारी येत होत्या म्हणून सांगितलं. मोठी माणसं मरत असतात, समया लागत असतात, मधूनच कुणी प्लॉट विकतो. मी बघत असतो.

वर्षश्राद्धाला गेलो होतो. घर माणसांनी भरलं होतं. जेवताना कुणीतरी त्या संध्याकाळचा विषय काढला, आपण सगळे घाटावर कसे खोळंबलो होतो ते. मित्र वाढत होता. माझ्या पानात एक भाकरी जास्त ठेवून तो त्यांना म्हणाला, "माझ्याकडूनच उशीर झाला कळवायला." मी पानाकडे बघत जेवत राहिलो.