मावशीला आंघोळ कोण घालणार?

अन्याय झाला तो मावशीवर. संक्रांतीनंतरच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी दीड ते साडेचार या तीन तासांत, दुबईजवळच्या अजमानमध्ये. तो सात बायकांनी केला आणि त्यातली एक माझी आई होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हिनं घरचं झाकून दुसऱ्यांवर बोट दाखवलं.

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. भारतातून नवीन आलेली बाई दिसली की ती आधी हनुवटी वर करून तिच्याकडे बघायची, मग विचारायची, "गाव कुठलं गं तुझं? आणि शेवटचं वळण?"

बायका हसायच्या. बाकी लोक पगार विचारतात, भाडं किती दिरहम ते विचारतात, आणि ही वळण विचारते! पण सांगायच्या. मारुतीच्या देवळाकडून आत, साखर कारखान्याच्या मागून, चिंचेखालून डावीकडे. मावशीला लिहिता येत नव्हतं. तरी दहा वर्षांनी विचारा, वळण बरोबर सांगायची.

साताऱ्याकडच्या डोंगरातली ती. नवरा गेला, पाठोपाठ धरणाच्या पाण्यात गाव गेलं. कुणा इंजिनिअरच्या कुटुंबाबरोबर मुलं सांभाळायला इथे आली, तेव्हा हा देशच नवा होता. टँकर आला की वाळूतून हंडा घेऊन धावायचं, पंख्याला वीज नाही, अशा दिवसांतली. इंजिनिअर परत गेले, ही राहिली. त्यानंतर इथल्या मराठी घरांतली जवळजवळ प्रत्येक बाळंतीण तिच्या हाताखालून गेली. मलाही तिनंच पहिली आंघोळ घातली. आणि इथे मेलेल्या प्रत्येक मराठी बाईला शेवटचीही तिनंच.

वळण कशाला लागायचं, ते मला बाराव्या वर्षी कळलं. शारजात एक नवी नवरी गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हॉस्पिटलात मेलेल्यांना आंघोळ घालायच्या पांढऱ्या खोलीबाहेर मी साडी घेऊन उभी होते. दार नीट लागलेलं नव्हतं. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मावशीचा, अगदी रोजच्यासारखा. "आता समुद्र लागंल. भिऊ नको, खाली बघू नको. मुंबई आली की तुझी एसटी. फाट्यावर उतर. वळणावर पिंपळ हाय, तिथं थांबू नको, कुणी हाक मारली तरी. पुढं तुझंच दार."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, स्टॉप इट. यू आर स्केअरिंग मी."

"भ्यायचं काय त्यात? एवढ्या लांबून एकट्या पोरीनं जायचं. वाट कुणी सांगायची तिला?"

त्या मुलीच्या माहेरी फोन नव्हता. निरोप पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. निरोप नेणाऱ्याला तिची आई अंगणात बसलेली दिसली. म्हणाली, "पहाटेच कडी वाजली. उघडलं, तर कुणी नव्हतं. पण उंबरा ओला होता." हे मला त्या मुलीच्या नवऱ्यानं सांगितलं. तो अकाउंटंट होता, भुताखेतांवर विश्वास नसलेला. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मावशी सगळ्यांना हवी होती. फक्त हळदीकुंकवाला नको होती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून तिळगूळ वळायची. बाहेर तिनं वळलेले लाडू वाटले जायचे. "माझं कपाळ मोकळं बरं," म्हणायची, "घाम पुसायला सोपं पडतं." बायका खो खो हसायच्या. मीही हसायचे.

त्या सोमवारी ती झोपेतच गेली. तिचा व्हिसा तेव्हा आमच्या घराच्या नावावर होता, म्हणून कागद करत बाबा हिंडले. पोलीस, वकिलात, पुन्हा पोलीस. गुरुवारी दीड वाजता सही झाली. शवागाराचा माणूस म्हणाला, "साडेचारला स्मशानाची गाडी निघणार. त्याच्या आत बाईमाणूस पाठवा, नाहीतर अशीच न्या. यल्ला, चला लवकर."

आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सगळं मांडून तयार. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या.

बाबांचा फोन आला. आई पैठणी नेसत होती. निऱ्या तशाच हातात धरून म्हणाली, "आज? आज माझ्या दारात सवाष्णी येणार, आणि मी मढ्याला हात लावून येऊ?"

"अगं, तिनं तुझी दोन बाळंतपणं काढलीत." बाबांचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू आला.

"उद्या म्हणा ना त्यांना! एक दिवसानं काय होतंय?"

मग मी इतर सहा जणींना फोन केले. एक म्हणाली, मुलाची परीक्षा आहे. एक म्हणाली, "आज नको गं, शकुनाचा दिवस." एकीनं विचारलं, "हॉस्पिटलवाले घालत नाहीत का आंघोळ? एवढं फाइव्ह स्टार हॉस्पिटल!" एकीनं कुकर लावला होता. हो, कुकर. उरलेल्या दोघींनी आवाज ओळखून फोन ठेवला.

सव्वातीनला मी टॅक्सीत बसले. एकोणीस वर्षांची होते. बाहेर धुकं इतकं होतं की खाडीवरच्या इमारती नुसत्या वरच्या मजल्यांच्या दिसत होत्या.

खोलीत एक सुदानी बाई होती, तिथल्या मेलेल्या मुसलमान बायकांना न्हाऊ घालणारी. तिनं विचारलं, "बिंत? मुलगी?" मी हो म्हटलं. तिनं माझ्या बाह्या वर केल्या, नळाची रबरी नळी हातात दिली आणि स्वतः मावशीचं डोकं धरलं. कसं धरायचं ते एका मुसलमान परक्या बाईनं मला शिकवलं. माझ्या आईनं नाही.

मी वाट सांगायला लागले. समुद्र. मुंबई. कऱ्हाडची एसटी. घाट. मग पूल. मावशीनं स्वतःचं वळण मला सांगितलं होतं. चादरींच्या घड्या घालता घालता सांगितलं होतं, आणि मी टीव्ही बघत "ओके मावशी, ओके" म्हणत होते. पुलानंतर काय?

मी गप्प झाले आणि नळीतलं पाणी थांबलं. सुदानी बाईनं नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती काहीतरी पुटपुटली. टाकी रिकामी झाली असेल, म्हणा. मीही तेच म्हणते. पण मी घाईघाईनं "डावीकडे, मावशी, डावीकडे" म्हटलं आणि पाणी आलं.

दोन वर्षांनी मी त्या पुलावर जाऊन उभी राहिले. उजवीकडे धरणग्रस्तांची नवी वसाहत होती, पत्र्याची शाळा, पाटी. डावीकडे जुना रस्ता. तो उतारानं खाली जात होता आणि कुठेही न वळता सरळ पाण्यात शिरत होता. शेळ्या राखणारा म्हातारा म्हणाला, "तिकडं आता कोण जात न्हाई, बाई."

मी तिला तिकडे पाठवलं. बरोबर की चूक, मला सांगणारी बाई उरलेली नाही.

आता तुमच्याबद्दल. हे वाचणाऱ्या मराठी बायकांनो, शारजात असा, अजमानात असा, दुबईच्या कुठल्याही टॉवरमध्ये असा. तुमच्या इमारतीत उद्या एखादी एकटी बाई जाईल. सण असेल, सुट्टी असेल, साडी नवी असेल. तिला आंघोळ घालायला कोण जाणार, ते आज ठरवा. दोन नावं कागदावर लिहून लिफ्टशेजारी लावा. पहिलं नाव स्वतःचं लिहा.