शिवराजची जागा

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या पलटणीनं सिंधच्या वाळूतली एक चौकी घेतली आणि पुढं ती राखायला आम्ही तिथंच राहिलो. मी नाईक, आळंदजवळच्या निंबर्ग्याचा. माझा जोडीदार लान्सनाईक शिवराज, राजेश्वर गावचा. चौकी घेताना तो पडला.

बाकीच्यांना अग्नी दिला. शिवराज लिंगायत; त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. ही रीत कंपनीत मला एकट्यालाच ठाऊक, आणि मी बौद्ध. मीच खड्डा खणला. त्याला मांडी घालून बसवलं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवलं. बेल नव्हता, खेजडीचा, म्हणजे तिथल्या शमीचा, पाला वाहिला. तोंड आग्नेयेला केलं, घराकडं.

मग सिमल्याचा करार झाला. ऑर्डर आली, चौकी परत द्यायची. जवान चिडले. हरलेल्यांचे एवढे लाड कशाला, असं मीही म्हणालो.

मेजरसाहेबांनी बोलावलं. "शिवराजला उकरून न्यायचं का? बोल."

"नाही, साहेब. समाधी हलवत नाहीत."

बोलून गेलो, आणि मग आठवलं. त्याची बायको गंगाक्का गावी होती. तिला ती जागा आता कधीच दिसणार नव्हती.

ताबा घ्यायला पाकिस्तानचा एक वयस्क सुभेदार आला. मी आमच्या दख्खनीत म्हणालो, "साब, यां हमारा आदमी बैठा है. इसकू हात नको लगाओ."

तो समाधीपाशी येऊन उभा राहिला. "मेरा छोटा भाई तुम्हारे कैंप में कैदी है. लौटेगा?"

"लौटेगा. दस्तखत हुए हैं."

"फिर ये भी यहीं बैठेगा." त्यानं आपल्या जवानांकडून तिथं काट्यांचं कुंपण घालून घेतलं.

सुट्टीत राजेश्वरला गेलो, सगळं सांगितलं. गंगाक्का रडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या सुभेदाराचा भाऊ घरला गेला का, अण्णा?"

"अजून न्हाई, अक्का. जाईल."

पुढं कैद्यांच्या गाड्या सुटल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावून गव्हाची गोड हुग्गी वाढली. म्हणाल्या, "त्येंचं माणूस घरला पोचलं. आता ह्येंच्या जागंला कोण हात लावतंय?"

आळंदच्या बाजारात पोरं अजून विचारतात, "काका, जिंकलेली जमीन परत कामून दिली?" टपरीवर बसून मुलूख जिंकायला काय लागतंय! मी ठणकावून सांगतो, करार रास्त होता. हरलेल्याला धुळीत लोळवलं असतं, तर त्यानं आमच्या शिवराजला कुंपण घातलं नसतं.

गेल्या साली गंगाक्का गेल्या. त्यांनाही शेतात बसवलं. विधी करणारे जंगम उत्तरेला तोंड करा म्हणाले. गंगाक्कांचा लेक म्हणाला, "न्हाई. अव्वानं सांगून ठेवलंय. अप्पाकडं करा."

दिशा कुणालाच नक्की माहीत नव्हती. मला माहीत होती. खड्ड्यात उतरून मी त्यांचं तोंड वायव्येला केलं.