फिकट अजगर

माझ्या संशयी स्वभावाला नवरा हसतो. हसू दे. इथे परदेशात, क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही पुण्याच्या एका मुलीला भाड्याने दिली होती. जवळच्याच युनिव्हर्सिटीत ती संशोधन करायची. पोरगी गुणी, पण खोलीला सदा कुलूप. एसी लावायची नाही. या उकाड्यात! आणि फ्रीझरमधल्या तिच्या कप्प्यात फॉइलच्या पुरचुंड्या. घरात मांसमच्छी चालणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कोंबडी असणार, म्हटलं, आणि एक पुरचुंडी सोडली. आत उंदीर. शेपटीसकट!

किंचाळतच तिचं दार बडवलं. आत काचेच्या पेटीत वेटोळं घालून अजगर पडलेला. सायीसारखा पांढरा, अंगावर फिकट पिवळे पट्टे. मला आधी वाटलं, आजारीच आहे.

"नाही काकू, यांच्यात जन्मतःच रंग कमी असतो. मुद्दाम असे पैदा करतात. एका सीनियरने देश सोडताना माझ्या गळ्यात मारला." आणि रडायलाच लागली. इथे साप पाळणं गुन्हा. तिचा इथे राहायचा पास जाणार, आणि आमचा पीआरचा, कायम राहण्याचा, अर्ज नुकताच भरलेला.

"रडू नकोस. पुण्यात आपण काय करतो? सर्पमित्राला फोन. तो येतो, साप पोत्यात घालतो, चहा पितो, जातो. कुणाचा म्हणून विचारतो का कधी? इथेही नाल्यांत अजगर निघतातच की."

"माझं नाव नाही ना येणार?"

"वेडी आहेस का? मी आहे ना!"

आम्ही तो खाली नेला, ब्लॉकमागच्या नाल्याकाठी बादलीखाली झाकला आणि मी प्राणी सोडवणाऱ्या इथल्या संस्थेला फोन केला, नाल्यात साप निघालाय म्हणून. त्यांचा माणूस आला. बादली उचलून त्याने सापाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"आंटी, इथला रानातला अजगर तपकिरी, नक्षीचा असतो. हा असला फिकट बाहेर लपणार कुठे? हा घरात पाळलेला आहे. कुणाचा?"

जन्मभर मी लोकांवर संशय घेतला. माझ्याकडे तसं कुणी बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि मी घाबरले. मुलगी मागे माझी ओढणी धरून उभी होती.

"हिचा," मी म्हणाले. त्याने आवाजसुद्धा चढवला नव्हता.