चहाला आलेला विमावाला

लॉरीने दादांचा पाय मोडला आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात एका जागी बसू शकले नाही. मध्यभारत हे राज्य तेव्हा नवं होतं. माझे वडील, म्हणजे दादा, संस्थानी कचेरीतून नव्या सरकारच्या नोकरीत आलेले, आणि पोलोग्राउंडवरच्या कारखान्यांच्या तपासणीला सायकलने जायचे. मल्हारगंजच्या एका धान्य व्यापाऱ्याची लॉरी सांवेरहून माल भरून येत होती, तिने त्यांच्या सायकलला मागून धडक दिली. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळतंय, पुन्हा मोडून बसवलं नाही तर जन्मभर लंगडतील. तेवढा खर्च आमच्या आवाक्यात नव्हता. लॉरीचा विमा होता, म्हणून विमा कंपनी भरपाई देईल, एवढीच काय ती आशा.

व्यापारी स्वतः भेटायला आला. माणूस भला होता. पेढे आणले, मोसंबी आणली आणि बरोबर एक गप्प गृहस्थही आणला. "ये अपने ही हैं," एवढीच त्याची ओळख. आईने सगळ्यांना चहा दिला. प्लास्टरमधला पाय बघून व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की दारी आलेल्याला ओशाळं वाटू द्यायचं नाही. पाहुण्याच्या हातून कप फुटला तरी म्हणायचं, तो आधीचाच तडकलेला होता. दादांनी लगेच व्यापाऱ्याचा हात हातात घेतला. "सेठजी, ड्राइवर की क्या गलती? मेरा ही ध्यान नहीं था. आप दिल पे मत लो." गप्प गृहस्थाने चहा संपवला आणि नमस्कार करून गेला.

तो विमा कंपनीचा माणूस होता. काही दिवसांनी एकटाच आला तेव्हा कळलं. औषधपाण्यापुरती रक्कम देऊ, पुढे काही मागणार नाही अशी सही करा, म्हणाला.

"आणि पायाचं ऑपरेशन?" आईने विचारलं.

"बाईसाहेब, ड्राइवरची गलती असली तरच कंपनी पुरतं देते. साहेबजी तर स्वतःच बोलले ना, की गलती माझी."

आई एरवी परक्या माणसासमोर फारसं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "अहो, ते सेठजींची समजूत काढत होते. घरी आलेल्या माणसाला काय, तुम्ही माझा पाय मोडलात असं सांगायचं?"

"मग साहेबांनीच सांगावं, काय झालं ते."

दादा चादरीची सुरकुती सरळ करत बसले. मी आत-बाहेर करत होते. घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालत होते. मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. एकदा बोललेलं फिरवायचं म्हणजे स्वतःच्या घरात स्वतःला खोटं पाडायचं, हे मला कळत होतं. तरीही त्यांचा भयंकर राग आला होता. शेवटी आई हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, उभा जन्म काढायचाय."

दादांनी मान खाली घातली. चोरी कबूल करावी तसे म्हणाले, "मी रस्त्याच्या कडेनंच चाललो होतो. गाडी मागून आली."

"हां. पुलिस पण हेच म्हणते," तो शांतपणे म्हणाला आणि लिहून घेऊ लागला. म्हणजे त्याला आधीपासून सगळं ठाऊक होतं.

कंपनीने घासाघीस केली, पण दिलं. ऑपरेशन झालं. दादा काठी टाकून सरळ चालू लागले.

पुढे एकदा सराफ्यात मी त्यांच्याबरोबर होते, तेव्हा तो व्यापारी समोर आला. त्याने हात जोडले. "बाबूजी, हमारे कारण आपको घणी तकलीफ हुई." दादांच्या तोंडावर ते नेहमीचं हसू आलं, ओठ उघडले. आणि बोलायच्या आधी त्यांनी व्यापाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते पाहून घेतलं.