कोन आणि हवा

"एक कोन हवा," असं कुणी खिडकीशी म्हणालं, की वसुधाकाकू सॉफ्टी आइस्क्रीमच्या मशीनचा दांडा ओढता ओढता सांगायच्या, "कोनही मिळेल, हवाही मिळेल. अर्धी हवाच असते यात." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हादरले. गिऱ्हाइकाला असं कुणी सांगतं? मी इंग्रजी शाळेत शिकलेली. त्यातली शब्दाची गंमत मला दोन दिवसांनी कळली.

बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या. काका गेल्यावर मुलगा त्यांना बंगळुरूला न्यायला आला, तर यांनी पुढच्या खोलीत मशीन आणून ठेवलेलं. "हे चाललं तर मी माझ्या घरात. नाही चाललं तर तुझ्याकडे पाहुणी," त्यांनी त्याला सांगितलं.

शनिवारी मी मदतीला जायचे. "एक मशीन, एक खिडकी," त्या मला धंदा समजावायच्या. "पंचवीस स्वादांचे डबे नकोत, नोकर नको. पावडर कपाटात राहते आणि माल फुगवायला देवाची हवा. अजून काय पाहिजे?" मी तोंड उघडायचे नाही. "अहो, मुकी नाहीये ती," त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. "इंग्रजीत विचार करतेय. येईल उत्तर संध्याकाळपर्यंत."

एकदा एक आजोबा म्हणाले, "अर्धी हवा? म्हणजे फसवणूकच की!"

"घरी पोळी फुगली की कौतुक करता ना? मग खा गुपचूप."

आजोबा रोज यायला लागले. मुलाचे फोन कमी झाले. मशीन चाललं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी, ऊन येतं म्हणून खिडकी लावून घेऊन आम्ही मशीनचे भाग धूत होतो. काकू हातातला ब्रश टाकून एकदम स्टुलावर बसल्या.

"काकू, काय हवंय? पाणी देऊ?"

"हवा," त्या म्हणाल्या.

मी हसले. या वेळी विनोद मला लगेच कळला होता. "हवा मिळेल," मी म्हणाले, "कोन संपलेत." इतकं चटकन उत्तर मला आयुष्यात सुचलं नव्हतं.

काकूंनी बंद खिडकीकडे बोट केलं.

त्या रुग्णालयापर्यंतही पोचल्या नाहीत. "शेवटपर्यंत स्वतःच्या घरात राहिली," मुलगा सगळ्यांना सांगत होता. माझ्या हसण्याबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही.

त्या दुपारी काकूंनी बोट केल्यावर ती खिडकी मी ढकलून उघडली, तेव्हा बाहेर एक बाई उन्हात उभी होती. पर्समध्ये काहीतरी शोधत, वर न बघताच ती म्हणाली, "एक कोन हवा."